हयमारक

कण्हेरीचे रोप कोणी विकत आणून लावल्याचे माझ्या लहानपणी मी पाहिले नाही. शेजारच्या अंगणातून एक फांदी तोडून आणायची, ओल्या जागी खोचायची आणि विसरून जायचे. रहिमतपुरात काय किंवा आसपासच्या वाड्यांत काय, देवळाच्या मागे, विहिरीच्या कडेला, शाळेच्या कुंपणाला अशीच विसरलेली कण्हेर उभी असते. उन्हाळ्यात कमंडलू नदीचे पाणी आटते, बांधावरचे गवत करपून जाते. पण ही हिरवी ती हिरवीच, आणि वर गुलाबी फुलांचे घोस. सकाळी देवपूजेला निघालेली माणसे चार फुले खुडतात. जनावर मात्र तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही, आणि म्हणूनच माणसे ती कुंपणाला लावतात.

हे ‘म्हणूनच’ मला वयाची पस्तिशी उलटेपर्यंत कधी खटकले नव्हते. जनावर या झाडाला तोंड का लावीत नाही, हा साधा प्रश्न इतकी वर्षे मुलांना इतिहास आणि परिसर शिकवणाऱ्या मास्तराला पडू नये, याचे आज मला नवल वाटते. प्रश्न पडला तो दोन शेळ्या मेल्यावर. ती हकीकत आधी सांगतो. इतिहास तिच्या मागोमाग येईल, कारण माझ्यापाशी तो त्याच वाटेने आला.

जानेवारी २०१७. प्रजासत्ताक दिन आठ दिवसांवर आला होता. रहिमतपूरपासून थोड्या अंतरावरच्या एका वाडीतील शाळेत मी त्या वेळी होतो. कुंपणाची कण्हेर वाढून झेंड्याच्या चौथऱ्यावर झुकली होती. मोठ्या मुलांना हाताशी घेऊन मी ती छाटली, आणि छाटलेल्या फांद्या भिंतीपलीकडे टाकायला सांगितल्या. भिंतीपलीकडे मोकळे रान होते, आणि तेथे शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशींच्या शेळ्या दुपारच्या बांधलेल्या असत. तीन शेळ्या आणि एक करडू. मधल्या सुट्टीत मुलांचा तो आवडता उद्योग होता. सुबाभळीचा डहाळा, भाकरीचा तुकडा, बोरे, जे मिळेल ते भिंतीवरून पुढे करायचे आणि शेळ्यांनी ते हातातून ओढून घ्यायचे. मालकी मावशींची असली, तरी शेळ्या साऱ्या शाळेच्याच होत्या म्हणा ना. मुलांनी त्यांना नावेदेखील ठेवली होती.

फांद्या टाकल्या त्या दिवशी काहीच झाले नाही. ओल्या कण्हेरीला शेळ्यांनी तोंड लावले नाही. दोन दिवसांनी पाने कोमेजली, वाळू लागली. तिसऱ्या दिवशी चौथीतल्या दोनचार मुलांनी त्याच ढिगातल्या डहाळ्या उचलून नेहमीच्या प्रेमाने पुढे केल्या. रोजचे हात, रोजची भिंत. शेळ्यांनी त्या खाल्ल्या.

संध्याकाळी त्या रवंथ करीनात. तोंडातून लाळ गळू लागली, पोट फुगले, पाय गार पडले. कोणी बाटलीने गोडे तेल पाजले, कोणी ताक. पहाटेपर्यंत दोन शेळ्या गेल्या. एक शेळी आणि करडू वाचले. बहुधा त्यांच्या वाट्याला पाने आली नसावीत.

सकाळी वाडीत एकच वाक्य फिरत होते, “कुणीतरी घातलं.” आणि हे ‘कुणीतरी’ फार वेळ बिननावाचे राहिले नाही. मावशींचा शेजाऱ्याशी बांधावरून जुना वाद होता. त्याने आदल्या आठवड्यात शेळ्या रानात शिरल्या म्हणून शिवीगाळ केली होती. झाले. शेळ्या पुरल्या गेल्या, आणि पोलिसांत जाण्याची भाषा सुरू झाली.

मी भिंतीपलीकडे जाऊन पाहिले. तुडवलेला ढीग, अर्धवट चावलेली लांबट पाने. मला जे समजायचे ते समजले. तरीही मी दोन दिवस बोललो नाही. खात्री कुठे आहे, असे मनाला सांगितले. उद्या बघू, असे सांगितले. कादंबऱ्या लिहिणाऱ्याला स्वतःची समजूत घालणे अवघड जात नाही. तिसऱ्या दिवशी वर्गात गेलो, तर त्या शेजाऱ्याचा मुलगा शेवटच्या ओळीत एकटाच बसला होता. त्याच्या शेजारी बसायला कोणी तयार नव्हते. मी हजेरी घेतली. त्याचे नाव आले तेव्हा त्याने मान वर न करता ‘हजर’ म्हटले, आणि त्यानंतर मला पुढची नावे घेता आली नाहीत.

त्याच दुपारी मी जनावरांच्या डॉक्टरांना बोलावून ढीग दाखवला, लक्षणे सांगितली. त्यांनी एक पान उचलून पाहिले आणि मान हलवली. पुरण्याआधी शेळीचे पोट उघडून पाहिले असते, तर तासाभरात उलगडा झाला असता, एवढेच ते म्हणाले. संध्याकाळी मारुतीच्या पारावर चार माणसे जमवून मी सांगितले, की शेळ्यांना कोणी विष घातले असेल तर ते मी घातले.

मावशी रडल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. “रानात न्हेली तर कदी त्वांड लावत नव्हती बघा, गुरुजी, त्या झाडाला,” त्या म्हणाल्या, “पोरांच्या हातचं म्हणून खाल्लं तिनं.”

त्या वाक्याने मला इतिहासाकडे नेले.

*

अमरकोश उघडला. करवीर म्हणजे कण्हेर, हे ठाऊक होते. त्याच्या पर्यायांत एक शब्द होता, हयमारक. हय म्हणजे घोडा. निघंटूंत अश्वमारक असाही शब्द सापडतो. घोडे मारणारी! ज्या झाडाची फुले मी रोज देवाला वाहत होतो, त्याचे नावच पूर्वजांनी असे ठेवले होते.

जुनी नावे कोणी उगीच ठेवीत नाही. एखाद्या झाडाला हयमारक म्हणावे, तर त्याआधी किती पागांत किती घोडी तडफडून मेली असतील, आणि किती मोतद्दारांनी त्या पानांकडे बोट दाखवले असेल! सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात वनस्पतींपासून होणाऱ्या विषांची गणना आहे. त्यात ज्यांचे मूळ विषारी त्यांच्या यादीत अश्वमारक आहे आणि गुंजही आहे. त्याच कल्पस्थानात, शत्रू चारा, पाणी, वाटा दूषित करतो तेव्हा ते कसे ओळखावे आणि काय करावे, याचाही विचार केलेला आहे. जनावराच्या वैरणीतले विष ही राजाच्या काळजीची गोष्ट होती. कारण घोडा आणि हत्ती गेला, की राज्य गेले.

कोल्हापूरचे जुने नाव करवीर. त्या नावाचा उगम कशात आहे, याविषयी निरनिराळ्या कथा आहेत. त्यांत मी शिरत नाही. पण आमच्याच कोरेगाव तालुक्यात कण्हेरखेड आहे, शिंद्यांचे मूळ गाव. राणोजी शिंदे तेथले, आणि त्यांचे पुत्र महादजी. ज्या घराण्याचे घोडेस्वार दिल्लीपर्यंत जाऊन पोहोचले, त्या घराण्याच्या गावाच्या नावातच घोड्याचा वैरी बसलेला आहे. महादजींच्या पागेतल्या जाणत्या माणसांना कण्हेर म्हणजे काय, हे सांगावे लागले नसेल.

आमचे रहिमतपूरही जनावरांच्या कष्टाशी जोडलेले गाव आहे. विजापूरच्या आदिलशाहीतील सरदार रणदुल्लाखानाची कबर येथे आहे, मशीद आहे, आणि मशिदीजवळ हत्तीची मोट आहे. हत्तीने पाणी ओढून ते उंच चढवावे आणि त्या दाबाने मशिदीचे कारंजे उडावे, अशी ती योजना होती. १८८५ च्या सातारा गॅझेटिअरमध्ये तिची नोंद आहे, आणि तिचा बुरूज सुमारे ५० फूट उंच असल्याचे म्हटले आहे. सरदाराचे नाव राहिले, बुरूज राहिला. तो चढ चढणाऱ्या हत्तीचे नाव मात्र कोणी लिहिले नाही, आणि त्याच्यापुढे काय टाकीत हेही नाही. इतिहासाच्या पानांवर जनावर क्वचितच येते, आणि आले तर बहुधा मरण्यासाठीच येते.

याला एक थोर अपवाद आहे. १६७० च्या दशकात, पावसाळ्याच्या तोंडावर, शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळच्या छावणीतील अधिकाऱ्यांना लिहिलेले पत्र इतिहासाच्या प्रत्येक शिक्षकाला ठाऊक असते. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नये, असे सांगणारे पत्र म्हणून आम्ही ते शिकवतो. पण ते पुन्हा वाचा. त्याचा निम्मा जीव पागेत आहे. दाणा आणि गवत पावसाळाभर पुरले पाहिजे. आजच उधळाल तर पुढे घोडी उपाशी मरतील, आणि मग ती तुम्हीच मारली असे होईल, असा त्याचा आशय आहे. दिव्याची जळती वात उंदीर ओढून नेईल, गवताला आग लागेल, येथवर महाराजांची नजर गेली आहे. शत्रूचा हल्ला नव्हे, विषप्रयोग नव्हे. कोणाच्या तरी हातचा निष्काळजी दिवा!

घोडी मेली तर ती तुम्हीच मारली. हे वाचताना मला पार आठवला. हयमारक हे नाव झाडाचे खरे; पण महाराजांनी ते माणसाच्याही पदरी बांधले होते.

*

कण्हेरीपायी जनावरे गमावण्याचा प्रसंग आपल्याच मुलखात घडला असे नाही. इसवी सनापूर्वी ३२५ साली शिकंदर हिंदुस्थानातून परत फिरला आणि त्याचे सैन्य मकरानच्या वैराण प्रदेशातून, म्हणजे आजच्या बलुचिस्तानातून गेले. तहान आणि भूक यांनी सैन्याची दैना झालीच. पण भूगोलकार स्ट्रॅबो आणखी एक गोष्ट नोंदवतो. तेथे लॉरेल नावाच्या ग्रीक झाडासारख्या पानांचे एक झुडूप होते. ओझ्याच्या जनावरांनी ते चाखले की त्यांना अपस्मारासारखे झटके येत, तोंडाला फेस येई आणि ती मरत. ते झुडूप कण्हेर असावे, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. उपाशी जनावर निवड करीत नाही, आणि परमुलखातून हाकत आणलेल्या जनावराला तिथली झाडे ओळखीची नसतात.

हे विष करते तरी काय? कण्हेरीच्या पानात, फुलात, सालीत, मुळात, सर्वांगात हृदयावर काम करणारी द्रव्ये आहेत. १७८५ मध्ये विल्यम विदरिंग या इंग्रज वैद्याने फॉक्सग्लव्ह या झाडाच्या पानांचा हृदयविकारावर कसा उपयोग होतो, याविषयी ग्रंथ प्रसिद्ध केला; त्याच जातीची ही द्रव्ये. योग्य मात्रेत औषध, आणि मात्रा ओलांडली की हृदयाचे ठोके मंदावतात, चुकतात, थांबतात. मोठ्या घोड्याला किंवा बैलाला १० ते २० पाने प्राणघातक ठरू शकतात, असे पशुवैद्यकाचे ग्रंथ सांगतात. शेळीला त्याहून पुष्कळच कमी पुरतात.

आणि खरी मेख पुढेच आहे. हिरवे पान कडू लागते, म्हणून जनावर ते सोडते. पान वाळले की त्याचा कडवटपणा तितका जाणवत नाही, पण विष तसेच राहते. म्हणजे उभी कण्हेर सहसा कोणाला मारीत नाही. मारते ती छाटलेली कण्हेर. ती छाटतो माणूस. कण्हेर जाळली तर तिचा धूर बाधतो आणि तिच्या फांद्या बुडालेले पाणीही बाधते. म्हणून ती पुरावी, एवढेच शहाणपण. हे मला कोणी सांगितले नव्हते असे म्हणायला मी मोकळा नाही. नावातच सांगितले होते.

पिवळी कण्हेर, जिच्या बिट्ट्या गोळा करून आम्ही लहानपणी खेळलो, ती मुळात आपली नाहीच. ती अमेरिका खंडाच्या उष्ण भागातून आली. आंद्रे तेवे या सोळाव्या शतकातील फ्रेंच पाद्र्याच्या नावावरून तिला शास्त्रीय नाव मिळाले. तीही तितकीच विषारी. पण ती उशिरा आल्यामुळे तिला हयमारकासारखे नाव मिळाले नाही. आपण तिचे फूल घेतले, सावधगिरी घेतली नाही.

*

आता ‘कुणीतरी घातलं’ या वाक्याचा इतिहास.

जनावरांना मुद्दाम विष घालणारे लोक नव्हतेच, असे म्हणण्याचा माझा हेतू नाही. १८५६ मध्ये बंगालमधील डॉ. नॉर्मन चेव्हर्स यांनी वैद्यकीय न्यायशास्त्रावर ग्रंथ लिहिला, तेव्हापासून इंग्रजी अमदानीतील अशा ग्रंथांत गुरांच्या विषप्रयोगांना जागा मिळालेली दिसते. गुंजेच्या बियांपासून केलेल्या, ‘सुतारी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या काट्यांची वर्णने त्यांत येतात. काय विलक्षण बी आहे पाहा! अख्खी गिळली तर कठीण कवचामुळे बहुधा तशीच बाहेर पडते. सोनाराच्या तराजूत ती शतकानुशतके निरुपद्रवी वजन म्हणून बसली. आणि तीच फुटली तर प्राण घेते.

पण या गुन्ह्यांच्या कथांनी एक मोठा अन्याय केला. चामड्याचा व्यापार वाढला तसा संशयही वाढला. आणि मेलेल्या जनावराचे कातडे ज्यांच्या वाट्याला येई, तेच विष घालतात, असे सरकारी कागदांतून लिहिले जाऊ लागले. एकट्यादुकट्या गुन्हेगाराचा दोष साऱ्या जातीच्या माथी बसला. वस्तुस्थिती काय होती? त्या काळात बुळकांड्या रोगाने गुरे गोठ्यागोठ्यातून पडत होती. या साथींच्या चौकशीसाठी सरकारला आयोग नेमावा लागला, आणि १८७१ मध्ये त्याचा अहवाल निघाला. साथीने मेलेली, दुष्काळात भलतासलता पाला खाऊन मेलेली, आणि खरोखर विषाने मेलेली जनावरे कोणी वेगळी काढायची? पोट उघडून पाहणारा डॉक्टर जिल्ह्यात नव्हता. मुंबईत परळला पशुवैद्यकाचे महाविद्यालय निघाले तेच १८८६ मध्ये. तोवर प्रत्येक मेलेल्या बैलामागे एक माणूस शोधला जाई, आणि तो माणूस नेहमी गावकुसाबाहेरच सापडे.

आपल्याकडे मेलेले जनावर ओढून नेण्याचे काम गावरहाटीने ज्यांच्यावर लादले होते, त्यांना हा संशय चांगलाच ठाऊक होता. काम त्यांनी करायचे, विटाळ त्यांनी सोसायचा आणि जनावर दगावले की नजराही त्यांच्याकडेच वळायच्या. १९२७ मध्ये महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृतमांस सोडण्याचा आणि असल्या हीन मानलेल्या कामांतून बाहेर पडण्याचा जो उपदेश केला, त्यामागे स्वाभिमानाचा मोठा विचार होता. पण त्या विचाराच्या एका कोपऱ्यात या नजरांचीही आठवण असेल, असे मला वाटते.

कायद्याचेही पाहा. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत जनावर मारण्याबद्दल दोन कलमे होती. ४२८ व्या कलमाला जनावराची किंमत किमान १० रुपये हवी, तर दोन वर्षांपर्यंत कैद. ४२९ व्या कलमात हत्ती, उंट, घोडा, खेचर, म्हैस, गाय, बैल यांची किंमत कितीही असो, आणि इतर जनावर ५० रुपयांचे तरी हवे; शिक्षा पाच वर्षांपर्यंत. दारातल्या कुत्र्याची, चुलीपाशी निजणाऱ्या मांजराची किंमत कोणी काढावी? १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, आणि तिच्या ३२५ व्या कलमात ही किमतीची अट उरली नाही. ठीक झाले. परंतु जुना काय नि नवा काय, कायदा हेतू विचारतो. माझा हेतू झेंड्याचा चौथरा मोकळा करण्याचा होता. कायद्याने मी निर्दोष. शेजारी तर निर्दोष होताच. पण त्याचा मुलगा तीन दिवस एकटा बसला होता.

*

कण्हेरीवर सारा दोष टाकून मोकळे होण्यातही अर्थ नाही. ज्वारीइतके आपले, पोटचे म्हणावे असे दुसरे पीक कोणते? पण तिचे कोवळे फुटवे, विशेषतः पावसाने ओढ दिल्यावर सुकलेले किंवा कापणीनंतर खोडक्याला फुटलेले, जनावराने खाल्ले तर ‘किरळ लागते’ आणि घटकाभरात जनावर आडवे होते. हे आमच्या शेतकऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. १९०२ मध्ये डन्स्टन आणि हेन्री या शास्त्रज्ञांनी ज्वारीतले ते द्रव्य वेगळे करून दाखवले, ज्यातून हायड्रोसायनिक आम्ल सुटते. शास्त्राने कारण दिले. ‘किरळ’ हा शब्द आणि त्याबरोबरची खबरदारी रानात आधीपासून होती. म्हणूनच, विषारी ज्वारी जवळ असूनही किरळ लागल्यावर कोणी शेजाऱ्यावर आळ घेत नाही. शब्द आहे तेथे आळ नाही.

घाणेरीचे उलटे आहे. रंगीबेरंगी फुलांसाठी ती एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्याच्या बागेत आणली गेली, आणि पाहता पाहता घाटमाथ्यावर तिने रान व्यापले. दुष्काळात गुरे तिला तोंड लावतात. मग यकृत बिघडते, कावीळ होते, उन्हात कातडी सोलवटते. गाजर गवताची कथा तर माझ्या वडिलांच्या पिढीतली. १९५० च्या दशकात पुण्याकडे त्याची नोंद झाली आणि तेथून ते रस्त्यारस्त्याने पसरले. गुरांनी खाल्ले तर दूध कडवट होते. अमेरिकेच्या गव्हातून आले म्हणा, काँग्रेस गवत म्हणा. येथेही आपण झाडाला ओळखण्याआधी दोष कोणाचा ते ठरवले आणि तेच नाव देऊन टाकले!

आता कुंपण घरात आले आहे. रहिमतपूरच्या नव्या घरांतूनही कुंड्या मांडलेल्या दिसतात, आणि त्या कुंड्यांशेजारी मुलांच्या हट्टाने आणलेले कुत्र्याचे पिलू किंवा मांजर असते. पूर्वी कुत्रे गावभर हिंडे, काय खावे नि काय नको हे आईबरोबर शिके. आता ते चार भिंतींत वाढते, आणि कंटाळले की समोर दिसेल ते चावते. डिफेनबाकिया आणि मनी प्लँट ही अळूच्याच कुळातली. कच्चे अळू घसा खाजवते, तशाच सुयांसारख्या स्फटिकांनी त्यांची पाने जनावराचे तोंड सुजवतात. सायकसच्या बिया कुत्र्याचे यकृत नासवतात. खऱ्या लिलीचे पान तर सोडाच, अंगावर पडलेले पराग चाटले तरी मांजराची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. कुंड्यांना खत म्हणून घातलेली एरंडीची पेंड कुत्र्याला वासाने ओढते, आणि ती विषारी असते. आणि जिचे पान आम्ही मुलांना वहीत ठेवायला सांगतो, ती पानफुटी! तिच्यातही कण्हेरीसारखेच हृदयावर जाणारे विष आहे. उलट तुळस, जास्वंद, मोगरा या जुन्या सोबतिणींपासून तसे भय नाही.

झाडे उपटून टाका, असे माझे सांगणे नाही. महामार्गाच्या दुभाजकावर आज कण्हेरच फुललेली दिसते, ती गुरे खात नाहीत या जुन्याच कारणाने; आणि तेथे ती शोभते. एवढेच करावे, की घरात रोप आणताना त्याचे नाव विचारावे, आणि नावाबरोबर त्याचा स्वभाव. छाटलेली फांदी कुंपणापलीकडे भिरकावू नये. जनावराने काही खाल्ले असे वाटले, तर सकाळची वाट न पाहता, त्या झाडाची डहाळी हातात घेऊन डॉक्टर गाठावा. मीठ घालून ओकवू नये. बाटलीने तेल पाजू नये. ते श्वासनलिकेत उतरते आणि विषाने न मेलेले जनावर उपायाने मरते. आणि जनावर गेलेच, तर पुरण्याआधी पोट उघडून पाहावे. त्यात जनावराचे काही भले होत नाही, पण एखादा माणूस वाचतो.

*

शाळेची कण्हेर अजून आहे. मी बदलून गेलो तरी त्या वाटेने जाणे होते. एका पत्र्यावर पांढऱ्या रंगाने ‘कण्हेर’ आणि खाली कंसात ‘हयमारक’ असे रंगवून आम्ही तो तिच्या बुंध्याशी लावला होता. अक्षरे त्या शेजाऱ्याच्या मुलाने काढली. त्याचे अक्षर वर्गात सर्वांत चांगले होते, म्हणून. इतर काही मनात धरून मी ते काम त्याला दिले नाही, असे लिहावेसे वाटते; पण ते खरे होणार नाही.

शेळ्यांचे पैसे मी मावशींना दोन हप्त्यांत दिले. त्यांनी ते घेतले. नको म्हणण्यासारखी त्यांची परिस्थिती नव्हती, आणि मीही त्यांनी नको म्हणावे अशी अपेक्षा केली नाही. पुढच्या वर्षी त्यांनी नवी शेळी घेतली. मुले तिला पाहायला त्यांच्या दारापर्यंत जात, आणि काही पुढे करण्याआधी आता विचारीत, “मावशी, हे चालंल का?” मावशी पान हातात घेऊन बघत, आणि हो किंवा नाही सांगत.

शाळेच्या भिंतीशी मात्र ती शेळी त्यांनी कधी बांधली नाही.